बर्फावर दुसऱ्याच्या भोकाशेजारी भोक पाडण्याआधी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या हिवाळ्यावर लेख आला होता, त्यातला आइस फिशिंगचा, म्हणजे गोठलेल्या पाण्यावर भोक पाडून मासे धरण्याचा, भाग वाचला आणि सोबतचा फोटो पाहिला, आणि तो फोटो काही डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. फोटोत चार-पाच हौशी मंडळी गोठलेल्या तलावावर उभी आहेत, सगळे हसतायत, एकाच्या हातात बर्फाला भोक पाडायचा ऑगर आहे, आणि त्यांच्या मागे जेमतेम सात-आठ फुटांवर कुणाचा तरी लाल पोर्टेबल तंबू आहे, त्याच्या दारात एक माणूस बादलीवर बसून त्यांच्याकडे बघतोय. लेखात त्या माणसाबद्दल एक शब्दही नाही. मला मात्र त्या फोटोत तोच दिसत राहिला.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमतील तेवढे शनिवार-रविवार बर्फावर असतो. गेल्या काही वर्षांत तलावावर आपली मराठी माणसंही दिसायला लागलीत, लांबून कुणाची तरी मराठीत हाक ऐकू येते, पोरं बर्फावर घसरत असतात, फार बरं वाटतं ते बघून. हे वाढावं असंच मला वाटतं, कुणाला घाबरवायला किंवा शिकवायला मी हे लिहीत नाहीये. पण होतं काय की नवीन माणूस व्हिडिओ बघून येतो तेव्हा त्याला कपड्यांचे थर किती घालायचे ते माहीत असतं, आमिष कुठलं लावायचं ते माहीत असतं, बर्फाची जाडी पण माहीत असते (चालायला निदान ४ इंच स्वच्छ पक्का बर्फ हवा, आणि पांढरा दुधाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट, हे तर पाठच असतं), फक्त एक गोष्ट त्याला कुणीच सांगितलेली नसते, की आधीपासून बसलेल्या माणसापासून किती लांब बसायचं.

मलाही कुणी सांगितली नव्हती.

माझा दुसराच हिवाळा होता. एका लहानशा तलावावर संध्याकाळी चारच्या सुमाराला गेलो, उजेड उतरायला लागलेला, आणि क्रॅपी मासा नेमका त्याच वेळी हलायला लागतो, तो दिवसभर खोल पाण्यात अधांतरी लटकल्यासारखा असतो आणि तिन्हीसांजेला खायला निघतो. एक वयस्कर गृहस्थ एकटेच बसले होते, उघड्यावर, तंबू वगैरे काही नाही, आणि पाच मिनिटांत त्यांनी तीन मासे काढलेले मी लांबून बघितले. मी सरळ माझी स्लेड, म्हणजे सामानाची घसरगाडी, ओढत त्यांच्याकडे गेलो, मान हलवून हॅलो केलं आणि त्यांच्यापासून दहा पावलं पण नसतील अशा ठिकाणी मित्राकडून आणलेला पेट्रोलचा ऑगर सुरू केला. एक भोक पाडलं, मग दुसरं, मग वाटलं अजून जरा तिकडे सरकून एक पाडावं, म्हणून तिसरं त्यांच्या अजूनच जवळ. त्यानंतर त्यांना एकही मासा लागला नाही. मलाही नाही. ते वीस मिनिटं तसेच बसून राहिले, मग शांतपणे दोरी गुंडाळली, बादली स्लेडवर ठेवली, जाताना माझ्याकडे बघून मान हलवली आणि तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेले, अंधारात, त्या वयात, स्लेड ओढत. आणि मी काय केलं, तर मी त्यांच्या रिकाम्या भोकावर जाऊन बसलो. मला खरंच वाटलं की ते घरी चाललेत आणि माझं नशीब उघडलं.

ही गोष्ट काय होती ते मला दोन वर्षांनी कळलं, जेव्हा माझ्याशेजारी कुणीतरी तसंच येऊन ऑगर लावला. तेव्हा माझ्या पोटात जे काही झालं ते झालं, पण त्याहून जास्त त्या आजोबांची पाठमोरी आकृती आठवली. आज सुद्धा आठवते. इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत हो, ओरडत नाहीत, भांडत नाहीत, उठून निघून जातात, आणि आपल्याला कधीच कळत नाही की आपण काय केलं. म्हणून कुणीतरी मराठीत हे लिहायला पाहिजे असं मला फार दिवस वाटत होतं.

आता कुणी म्हणेल की मासे काय त्यांच्या मालकीचे होते का, तलाव सरकारी आहे, लायसन्स माझ्याकडेही आहे. बरोबर आहे. पण बर्फाखाली काय चाललेलं असतं ते एकदा समजून घ्या म्हणजे दहा पावलांचा अर्थ लक्षात येईल.

पहिली गोष्ट आवाजाची. आपण बोलतो, हसतो, गाणी लावतो तो हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, बराचसा वरच्या वर परत फिरतो. पण ऑगर हवेत नसतो, तो बर्फात घुसलेला असतो, आणि बुटाची टाच, ओढलेली स्लेड, आपटलेली बादली, हे सगळं बर्फाला टेकलेलं असतं आणि बर्फ पाण्याला टेकलेला असतो, म्हणजे मध्ये काही अडथळाच नाही, ठक्क केलं की थेट खाली. गोठायला आलेल्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४०० मीटर जातो, हवेत तो ३३० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे चौपटीच्या वर. आणि मासा नुसता कानाने ऐकत नाही, त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेषा म्हणतात तिला, तिने त्याला पाण्याची बारीक थरथर जाणवते. तुम्ही दहा फुटांवर भोक पाडता तेव्हा शेजाऱ्याच्या गळाखाली जमलेल्या थव्याच्या डोक्यावर ते दार वाजवल्यासारखं असतं.

खोलीप्रमाणे यात फरक पडतो, हे पण सांगायला हवं नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ३०-३५ फूट पाणी असेल तर एखादा ऑगर चालून गेला तरी मासे थोड्या वेळात परत येतात, पण हंगामाच्या सुरुवातीला, ज्याला इथे फर्स्ट आइस म्हणतात, तेव्हा सगळे मासे किनाऱ्याजवळ पाच-सहा-आठ फूट पाण्यात, वीड्सच्या म्हणजे पाणवनस्पतींच्या कडेला बसलेले असतात, बर्फ काचेसारखा स्वच्छ, वर स्नो पडलेला नसतो, तेव्हा नुसतं चालत गेलात तरी खालच्या माशाला सावली दिसते आणि पावलाचा आवाज येतो. अशा वेळी मी कुणाच्या ५० पावलं जवळून सुद्धा जात नाही, लांबून वळसा घालतो. लोक नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी करतात, कारण तीन-चार महिने वाट बघितलेली असते, आणि बर्फ पण सगळीकडे जमलेला नसतो म्हणून जे दोन-चार कोपरे पक्के झालेत तिथेच सगळे. त्यात एक जीवाचाही प्रश्न आहे, त्याकडे नंतर येतो.

दुसरी गोष्ट सोनारची, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राची. आजकाल बहुतेकांकडे फ्लॅशर असतो, गोल तबकडीवर लाल-हिरव्या रेघा दाखवणारा, त्यातून खाली मासा किती खोलीवर आहे ते दिसतं. त्याचा किरण टॉर्चच्या उजेडासारखा खाली जाताना पसरत जातो. २० अंशांचा कोन धरला तर ३० फूट खोलीवर तो साधारण साडेदहा फूट रुंदीचा गोल व्यापतो. म्हणजे दोघं दहा फुटांवर बसले तर तळाशी दोघांचे गोल एकमेकांना चिकटलेच, आणि एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या तबकडीवर भुतासारखा फिरायला लागतो, मासा कुठला आणि शेजाऱ्याचा फ्लॅशर कुठला काही कळत नाही. मशीनवर हा गोंधळ कमी करायचं बटण असतं पण बाजूला तीन-तीन मशीनं लागली की तेही पुरं पडत नाही. आणि आता तर समोरचं आडवं दाखवणारे लाईव्ह सोनार आलेत, त्यावर बसल्या जागेवरून बरंच लांबचं दिसतं, शेजाऱ्याच्या गळाखाली आलेला मासा सुद्धा. मी अशी माणसं पाहिलीत जी त्याचा पाण्यातला ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहरी सोडणारा भाग, फिरवून फिरवून दुसऱ्याच्या भोकाखाली मासे आहेत का बघतात आणि मग तिकडे सरकतात. हे मला अजिबात पटत नाही. मशीन तुमचं आहे म्हणून दुसऱ्याच्या ताटात डोकवायचा हक्क मिळत नाही.

तिसरी गोष्ट टिप-अपची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो कारण नवीन माणसाला टिप-अप म्हणजे काय तेच दिसत नाही. भोकावर एक आडवी पट्टी किंवा गोल झाकण, त्याखाली पाण्यात दोऱ्याची रीळ, आणि मासा लागला की वर एक केशरी झेंडा उभा राहतो. माणूस तिथे नसतो, तो दुसरीकडे रॉड घेऊन बसलेला असतो. मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन लाईन लावता येतात, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तीन. मिनेसोटाचा नियम असा की माणूस स्वतःच्या टिप-अपपासून २०० फुटांच्या आत हवा, विस्कॉन्सिनमध्ये १०० यार्डांच्या आत. म्हणजे काय, की तुम्हाला मधली मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते, तिथे कुणीतरी कायद्याला धरून व्यवस्थित लाईनी पसरून बसलेला असतो आणि तुम्ही त्याच्या अंगणात ऑगर लावता.

आणि टिप-अपला लागतो नॉर्दर्न पाईक, मोठा शिकारी मासा, तो लागला की झेंडा वर होईपर्यंत आणि तुम्ही धावत पोचेपर्यंत दोरा घेऊन पळालेला असतो, ५० फूट, कधी १०० फूट, कुठल्या दिशेने ते कुणाला माहीत नाही. बर्फाखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. त्या रस्त्यात जर दुसऱ्याची लाईन लटकत असेल तर दोन्ही दोरे गुंततात, बर्फाच्या कडेला घासतात, तुटतात, आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. माझ्याबरोबर माझा शेजारी असतो नेहमी, सत्तरीचा आहे, त्याने गेल्या हिवाळ्यात एक मोठा पाईक भोकाच्या तोंडापर्यंत आणला होता, डोकं दिसलं मला, आणि मधे येऊन बसलेल्या एका ग्रुपची लाईन त्याच्या दोऱ्यात अडकली, त्यांनी घाबरून जोरात ओढली, आणि खलास. तो काही बोलला नाही. हातमोजा परत घातला आणि म्हणाला, चल कॉफी पिऊ. मला मात्र दिवसभर राग येत होता, त्या पोरांचा कमी आणि त्यांना कधी कुणी काही सांगितलं नाही याचा जास्त.

बरं मग किती अंतर? कायदा विचाराल तर मिनेसोटात एवढंच लिहिलंय की आधी उभ्या असलेल्या शेल्टरपासून, म्हणजे बर्फावरच्या तंबू किंवा घरापासून, १० फुटांच्या आत दुसरं शेल्टर उभं करायचं नाही. दहा फूट म्हणजे तीन मीटर. बरेच जण हा आकडा वाचून येतात आणि त्यांना वाटतं की अकरा फुटांवर बसलो म्हणजे आपण बरोबर. नाही हो. तो आकडा घरांच्या भिंतींसाठी आहे, त्यात मासेमारीची रीत आलेली नाही, रीत कुठे लिहिलेली नसते म्हणून तर हा सगळा घोळ. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की उघड्यावर बादलीवर बसलेला माणूस असेल तर निदान ५० फूट, टिप-अप लावलेले असतील तर सगळ्यात बाहेरच्या झेंड्यापासून १०० फूट, आणि मोठं चाकांचं घर, व्हीलहाऊस म्हणतात ते, असेल तर तेही १०० फूट कारण ती मंडळी दोन-तीन दिवस मुक्कामाला असतात, रात्री भोवती गाड्या वळवतात. उथळ पाण्यात हे सगळं दुप्पट. तुमचा हिशेब वेगळा असू शकतो, पण काहीतरी हिशेब असू द्या.

आणि जागा नाही असं तर म्हणूच नका. मिनेसोटात दहा एकरांच्या वरचे ११,८४२ तलाव आहेत. एकटा मिल लॅक्स घ्या, १ लाख ३२ हजार एकर. एवढ्या पसाऱ्यात एका माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं कारण एकच असतं, त्याने मासे शोधलेत आणि आपल्याला शोधायचे नाहीत. हे जरा कडक वाटेल पण मी स्वतः ते केलंय म्हणून बोलतोय. त्या आजोबांनी ती जागा बसल्या बसल्या मिळवलेली नव्हती, पंधरा-वीस भोकं पाडून, खोली मोजून, किती संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाऊन मग ती सापडलेली असते.

आता जीवाचा प्रश्न. गर्दीत लोक अंतर विसरतात तसं बर्फाचं वजन पण विसरतात. एक माणूस गाडी घेऊन येतो, त्याला बघून दुसरा त्याच्या शेजारी लावतो, तिसरा तिसऱ्या बाजूला, आणि बघता बघता एका जागी चार ट्रक आणि दोन व्हीलहाऊस. बर्फ काही काँक्रीट नाही, वजन ठेवलं की तो वाकतो, आणि जितका वेळ ठेवाल तितका वाकत जातो. मिनेसोटाचा डीएनआर, म्हणजे नैसर्गिक संसाधन विभाग, सांगतो की गाड्या एकमेकींपासून निदान ५० फूट लांब लावा आणि दर दोन तासांनी जागा बदला. त्यांनीच सांगितलेली एक सोपी खूण आहे जी मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो, गाडीशेजारी एक भोक पाडून ठेवा आणि अधूनमधून बघत राहा, त्यातून पाणी वर येऊन बर्फावर पसरायला लागलं की समजायचं बर्फ खाली जातोय आणि गाडी लगेच हलवायची. गाडी जोरात चालवली तर बर्फाखालच्या पाण्यात लाट तयार होते आणि ती पुढे कुठेतरी, विशेषतः किनाऱ्याजवळ, बर्फ फोडू शकते, म्हणजे तुम्ही सुखरूप पुढे जाता आणि धोका दुसऱ्याला. दुसऱ्याच्या तंबूजवळून गाडी किंवा स्नोमोबाईल जाताना सावकाश जायचं ते यासाठी पण, आत बसलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नसतं, त्याला फक्त खालून येणारा गडगडाट कळतो आणि भोकातलं पाणी वरखाली होताना दिसतं. मी अनुभवलंय, काळीज तोंडात येतं.

रात्री शेल्टर तिथेच सोडायचं असेल तर त्याला चारही बाजूंनी रिफ्लेक्टर लावायचा नियम आहे तो पाळा, आणि जाताना आपल्या भोकांभोवती निदान बर्फाचा ढीग करा नाहीतर काडी खोचा. स्नो पडला की ते दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. कचऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांना कळतं.

मग काय कधीच कुणाच्या जवळ जायचं नाही का? असं अजिबात नाही. विचारायचं. एवढंच. ऑगर स्लेडवर बंद ठेवायचा, चालत जायचं, आधी लांबून हात करायचा म्हणजे तो दचकणार नाही, आणि विचारायचं की मी तिकडे त्या बाजूला भोक पाडलं तर तुम्हाला चालेल का, तुमच्या लाईनी कुठपर्यंत आहेत. बोटाने जागा दाखवायची, नुसतं इथे कुठेतरी म्हणायचं नाही. दहातले नऊ जण हो म्हणतात, वर सांगतात पण की तिकडे नको तिकडे चार फूटच पाणी आहे, इकडे ये, खोली किती आहे, कुठल्या रंगाचा जिग, म्हणजे वजनदार आमिषाचा गळ, चालतोय. माझे इथले निम्मे मित्र मला असेच मिळालेत, तो सत्तरीचा शेजारी सुद्धा मला पहिल्यांदा बर्फावरच भेटला, मी विचारायला गेलो होतो म्हणून. आणि एखादा नाही म्हणाला तर नाही, थँक यू म्हणायचं आणि चालायला लागायचं, त्याच्याशी तलाव सरकारी आहे वगैरे वाद घालायचा नाही. भोकं मात्र सगळी एकदाच पाडून घ्या, त्याच्या शेजारी बसून दर दहा मिनिटांनी नवीन भोक पाडलंत तर परवानगी घेऊन पण तेच केल्यासारखं झालं. कुणाच्या हातात मासा लागलेला असेल तर तेवढा वेळ थांबा.

रिकाम्या भोकाचं पण विचारतात लोक. आधीच्या माणसाने सोडलेलं भोक, वर पातळ बर्फ धरलेला, आसपास सामान नाही, माणूस नाही, तर वापरा की, पाडायचे कष्ट वाचतात आणि आवाजही होत नाही. पण शेजारी बादली ठेवलेली असेल, काडी खोचलेली असेल, तर तो माणूस गाडीत गरम व्हायला गेलेला असतो. तो आला की उठायचं.

आता दुसरी बाजू पण लिहितो कारण अंतराच्या नावाखाली दादागिरी करणारे पण आहेत. सकाळी सहाला येऊन अख्ख्या खाडीसारख्या कोपऱ्यात चाळीस भोकं पाडायची आणि नंतर दुपारी तिथे कुणी लहान मुलाला घेऊन आलं की ही सगळी माझी भोकं आहेत म्हणून हाकलायचं, हे मी बघितलंय आणि ते पण चूक आहे. मासे फिरतात तसं माणूस फिरतो, एका भोकावरून दुसऱ्यावर जातो हे मान्य, त्याच्या चालू रांगेत घुसू नये हेही मान्य. पण आधी आलो म्हणून तलावाचा तुकडा कुणाच्या नावावर होत नाही. तुम्ही ज्या भोकांवर तासाभरात परत गेला नाहीत ती सोडून द्या, आणि मुलं बरोबर असतील तर बोलावून बसवा. मुलाला पहिला मासा लागताना बघितलाय का कधी? तो माझा मासा होता की त्याचा, काही फरक पडत नाही.

अंतराचा आकडा सगळीकडे सारखा नसतो हेही खरंच. मिनेसोटातच गल लेकवर जानेवारीत मोठी स्पर्धा होते, हजारो माणसं एकाच पट्ट्यात, भोकं आयोजकांनी आधीच पाडलेली, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागेल एवढी जवळ. दक्षिण कोरियातल्या ह्वाचॉनचा आइस फेस्टिव्हल तर जगभर प्रसिद्ध आहे, तिथे गोठलेल्या नदीवर माणसांची नुसती रीघ असते, लोक पोटावर झोपून भोकात डोकं घालून मासा बघतात. तिथे कुणाला राग येत नाही कारण प्रत्येक जण तेच ठरवून आलेला असतो. याउलट फिनलंडमध्ये बर्फातल्या भोकातून साध्या छोट्या रॉडने मासे धरायला सर्वसाधारणपणे लायसन्स सुद्धा लागत नाही, तो प्रत्येकाचा हक्क मानतात, पण त्याच हक्काला एक अट जोडलेली आहे की दुसऱ्याला त्रास होता कामा नये. मला ती अट फार आवडते.

शेवटी एक इंटरनेटबद्दल. मासा लागला की फोटो टाकायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो. पण फोटोत मागचा किनारा, झाडांची रांग, पाण्याची टाकी दिसली की ओळखणारे ओळखतात आणि पुढच्या शनिवारी त्या लहान तलावावर तीस गाड्या. मोठ्या तलावाला ते चालून जातं, लहान तलावातले मोठे सनफिश काही आठवड्यांत संपतात आणि परत वाढायला कित्येक वर्षं लागतात. मिनेसोटात सनफिशची रोजची मर्यादा एरवी २० आहे, बऱ्याच तलावांवर ती ५ किंवा १० वर आणावी लागली ती मोठे मासे राहावेत म्हणूनच. तेव्हा फोटो टाका, माशाचा टाका, चेहऱ्याचा टाका, मागचा किनारा नको.

संपादक साहेब, लेख लिहिणाऱ्यांवर किंवा फोटोतल्या मंडळींवर माझा काही राग नाही, कृपया तसं समजू नका. कदाचित त्यांनी त्या लाल तंबूवाल्याला विचारलंही असेल, फोटोत ते कसं दिसणार. पण आपला पेपर इथे आलेली बरीच नवीन मंडळी ऑनलाइन वाचतात, आणि त्यातले काही जण याच डिसेंबरात पहिल्यांदा बर्फावर जाणार आहेत. त्यांच्यासाठी एवढी विनंती की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा अंतराबद्दल आणि विचारण्याबद्दल चार ओळी त्यात घाला, आणि जमलं तर असा फोटो निवडा ज्यात दोन तंबूंमध्ये भरपूर मोकळा बर्फ दिसेल. फोटो हवा असेल तर मी पाठवतो, माझ्याकडे भरपूर आहेत, किनारा न दिसणारे.

आपला नियमित वाचक,
मिनेसोटा